दोन पलंगांमधलं अंतर

आमच्या मंडळाच्या गणपतीत मी निवृत्तीनंतर काय करते हे कुणीतरी विचारलं आणि मी सांगितलं, तेव्हा जोशीकाका पुरणपोळीचा घास तसाच हातात धरून म्हणाले, "म्हणजे पगार नाही?"

"नाही."

"गॅस तरी देतात का? पेट्रोल?"

"नाही हो काका."

"मग घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्याच की या!" असं म्हणून त्यांनी तो घास तोंडात टाकला आणि विषय संपवला.

काकांचं चुकलं नाही. गेली सहा वर्षं मी त्या भाकऱ्याच भाजते आहे, आणि त्यातली एक चांगलीच करपवली होती. ती कशी, तेच आज सांगायचं आहे.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी "कोर्टात कारकून" आहे असंच वाटतं. इथे अमेरिकेत एखाद्या घरात मुलाची आबाळ होते, आईबाप व्यसनात अडकतात, मारहाण होते, तेव्हा सरकारी खातं त्या मुलाला तिथून हलवतं. नातेवाइकांकडे ठेवतं, नाहीतर परक्या पालक-कुटुंबात. पुढे ते मूल कुठे राहणार हे न्यायाधीश ठरवतात. पण न्यायाधीशांपुढे फायलींचा ढीग असतो, खात्यातल्या समाजसेविकेकडे डझनावारी मुलं असतात, आणि ती बिचारीही वर्षभरात बदलते. म्हणून कोर्ट आमच्यासारखी साधी माणसं नेमतं. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी न्हावी, कुणी माझ्यासारखी. काही आठवडे प्रशिक्षण देतात, न्यायाधीशांसमोर शपथ घ्यायला लावतात आणि एक मूल सोपवतात. एकच. महिन्यातून निदान एकदा त्याला भेटायचं, शाळेत, डॉक्टरकडे चौकशी करायची, आणि जे दिसलं ते कोर्टाला लिहून द्यायचं. त्या सगळ्या गर्दीत एकाच मुलाचा विचार करणारं एकच माणूस असावं, एवढीच कल्पना.

काय करायचं नाही याची यादी मात्र लांबलचक. मुलाला घरी न्यायचं नाही. भेटवस्तू द्यायची नाही. "सगळं ठीक होईल" असं वचन द्यायचं नाही. आपल्या बायकांना हे किती अवघड! समोर बारीक मूल दिसलं की हात आपोआप डब्याकडे जातो. मी पहिल्या भेटीला बेसनाचे लाडू घेऊन निघाले होते, ते डोरथीनं गाडीतच ठेवायला लावले. "ते मी खाईन," ती म्हणाली, आणि खरंच परत येईपर्यंत चार संपवले.

डोरथी माझी गुरू. नव्या स्वयंसेवकाच्या पाठीशी एक जुना लावून देतात, माझ्या पाठीशी ही. वय चौऱ्याहत्तर, उंची पाच फुटाला कमीच, आयुष्यभर शाळेची बस चालवलेली. पिशवीत सदैव विणकाम. मी रेडमंडच्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत तीस वर्षं टेस्टर होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. मला वाटलं होतं, निरीक्षण मला कोण शिकवणार? डोरथीनं पहिल्याच दिवशी तीन गोष्टी सांगितल्या. "आधी मुलाचे बूट बघ. आखूड झालेले असले तर कुणाचं लक्ष नाही. मग फ्रिज बघ. आणि मुलाला काही विचारलंस की उत्तर ऐकायच्या आधी ते कुणाकडे बघतंय ते बघ." मी हे वहीत लिहून घेतलं. प्रशिक्षणाच्या जाड फायलीत हे कुठेच नव्हतं.

(या गोष्टीतल्या मुलीचं आणि तिच्या आजीचं नाव मी बदललं आहे. डोरथीला विचारलं, तर म्हणाली, "माझं खरंच टाक. या वयात मला कोण शोधत येणार?")

तर रोझ. वय वर्षं नऊ. आई व्यसनमुक्ती केंद्रात, वडिलांचा पत्ता नाही. वर्षभरात तीन परकी घरं झाली होती. कुठे टिकेना, कारण ती झोपायची नाही. भिंतीला टेकून उकिडवी बसून राहायची आणि शाळेत बाकावर मान टाकायची. तिसऱ्या घरानंतर खात्याला तिची आजी सापडली. आईची आई. पॅट तिचं नाव. आमच्यापासून तासाभरावरच्या गावात एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहणारी, शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी, मोठ्या हातांची, कमी बोलणारी बाई. रोझ तिच्याकडे आली, ती तात्पुरती म्हणून. कायमची राहू द्यायची का, हे कोर्ट ठरवणार होतं. माझं काम तेच बघायचं होतं.

मी गेले तेव्हा पाऊस होता. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे तो असतोच, त्याचं कौतुक नाही. रोझचे बूट नवे आणि बरोबर मापाचे. फ्रिजमध्ये दूध, अंडी, कालचं सूप. मी रोझला विचारलं, "इथे कसं वाटतं?" तिनं कुणाकडेच बघितलं नाही. सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "इथे मी झोपते."

पॅट भांडी पुसता पुसता म्हणाली, "माझ्याजवळच झोपते. पहिल्या दिवशी सोफ्यावर घातली होती, तर रात्रभर बसून. मग म्हटलं, ये इकडे. माझ्या गाऊनची बाही मुठीत धरते आणि पाच मिनिटांत गाढ."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मीही आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपलेली मुलगी. घरी येऊन एका बैठकीत अहवाल लिहून काढला. खरं तर तो आधी डोरथीनं वाचायचा, मग कोर्टात जायचा. पण डोरथी त्या आठवड्यात बहिणीकडे ओरेगनला गेली होती आणि मुदत संपत आली होती. तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, माझ्यात कोण चूक काढणार, अशी एक गुर्मीही होती. कार्यालयातल्या नव्या पोराला म्हटलं, "पाठव तसाच." त्यानं पाठवला.

अहवालातलं माझं सर्वांत आवडतं वाक्य असं होतं: 'रोझ आजीच्याच पलंगावर, आजीला बिलगून झोपते, आणि वर्षभरानंतर प्रथमच तिला शांत झोप लागते आहे.'

सुनावणीच्या सकाळी खात्याचे वकील उभे राहिले. सभ्य, थकलेला माणूस. माझाच अहवाल हातात धरून म्हणाले, "स्वयंसेविकेच्या म्हणण्यानुसार मुलीला स्वतःचं अंथरूण नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाला स्वतंत्र पलंग हवा. आजीकडे दुसऱ्या पलंगाची सोय नाही. दोन तासांवरच्या गावात एक पालक-कुटुंब तयार आहे, तिथे मुलीला स्वतंत्र खोली मिळेल. आजीकडे पलंगाची व्यवस्था होईपर्यंत तिला तिकडे हलवावं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जे मी कौतुक म्हणून लिहिलं होतं, तेच वाक्य रोझला चौथ्या परक्या घरी न्यायला निघालं होतं. पॅट मागच्या बाकावर बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, तेच वाईट. 'मी तुला विश्वासानं सांगितलं' असं ते बघणं होतं.

आणि मला तेव्हा एक गोष्ट आठवली, जी मी कित्येक वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. माझी मुलगी रिया सहा वर्षांची होती. आमच्या इथल्या डॉक्टरांनी सहज विचारलं, "झोप व्यवस्थित? स्वतःच्या खोलीत झोपते ना?" मी आणि यांनी एकमेकांकडे बघितलं आणि मी म्हटलं, "हो हो, स्वतःच्या खोलीत." साफ खोटं! रिया आठ वर्षांची होईपर्यंत आमच्या दोघांच्या मधे आडवी झोपायची, लाथा मारायची. तिच्या खोलीतला गुलाबी पलंग इस्त्रीच्या कपड्यांसाठी होता. आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात हेच, आणि प्रत्येकीनं डॉक्टरला हेच खोटं सांगितलेलं. या देशात याला काय म्हणतील हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे माझ्या मुलीसाठी मी खोटं बोलले, आणि पॅटनं मला खरं सांगितलं ते मी कोर्टाला लिहून दिलं. आता सांगताना हसू येतं, पण तेव्हा मान वर होईना.

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "स्वयंसेविकेला काही सांगायचं आहे?"

मी उभी राहिले. म्हटलं, "मॅडम, मी जे लिहिलं ते खरं आहे. पण मी ते तक्रार म्हणून लिहिलेलं नाही. माझ्या घरात माझी मुलगी आठ वर्षांपर्यंत आमच्याजवळ झोपली. आमच्या लोकांत यात कुणाला काही वाटत नाही. ही मुलगी तीन घरांत झोपली नव्हती. इथे झोपते. तिला पलंग हवा असेल तर पलंगाची व्यवस्था करावी. मुलीला हलवू नये."

न्यायाधीशबाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. "तुमची मुलगी आता काय करते?"

"बालरोग विभागात नर्स आहे."

कोर्टात थोडा हशा झाला. पण बाई हसल्या नाहीत. "नियम नियम आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या शुक्रवारपर्यंत वेळ देते. त्या दिवशी त्या घरात मुलीचा पलंग असला पाहिजे. नसला तर मुलगी हलेल."

हातात दहा दिवस होते. मी त्याच दिवशी दुकानातून पलंग आणून टाकला असता, पण भेट द्यायची नाही हा नियम. दिला असता तर मलाच काढून टाकलं असतं आणि रोझला पुन्हा नवं माणूस. पॅट म्हणाली, "मी घेते," आणि खिडकीकडे बघायला लागली. तिला ते झेपणारं नव्हतं हे तिलाही ठाऊक होतं, मलाही.

संध्याकाळी डोरथीला फोन केला. ती ओरडेल म्हणून मी तयारीतच होते. तिनं अख्खं ऐकलं, ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं, आणि म्हणाली, "छान वाक्य आहे. पुढच्या वेळी असं वाक्य सुचलं की मला पत्रात लिही. कोर्टाला आपण काय पाहिलं ते लिहायचं, आणि त्याचा अर्थ काय तेही लिहायचं. नुसतं पाहिलेलं लिहिलं तर अर्थ दुसरा कुणी लावतो." मग म्हणाली, "उद्या येते मी. खात्यात एक फॉर्म असतो."

तो फॉर्म! नातेवाइकांनी मूल सांभाळायला घेतलं की पलंग, गादी, असल्या वस्तू खात्यानंच द्यायची सोय होती. पॅटला कुणी सांगितलंच नव्हतं. समाजसेविका बदलली, नवी आली, तिच्याकडे डझनावारी मुलं. कुणाचा दोष म्हणायचा? आम्ही पॅटकडून फॉर्म भरून घेतला, नेऊन दिला. तो एका टेबलावर जाऊन बसला. दोन दिवस, तीन दिवस. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे".

सोमवारी सकाळी डोरथी खात्याच्या कार्यालयात गेली, बाकावर बसली आणि विणकाम काढलं. भांडण नाही, तक्रार नाही. नऊ ते पाच. मंगळवारीही. तिचा एक गुडघा कामातून गेलेला, ते बाक प्लॅस्टिकचं. मंगळवारी दुपारी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. मला विणता येत नाही, म्हणून सुडोकू घेऊन. येणारा-जाणारा प्रत्येक अधिकारी आम्हा दोन म्हाताऱ्यांकडे बघायचा आणि आम्ही दोघी त्याला "गुड आफ्टरनून" म्हणायचो.

"कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"बस चालवताना शिकले," ती म्हणाली. "शेवटचं मूल घरात शिरेपर्यंत बस हलवायची नाही. मागचे कितीही हॉर्न मारोत."

तेवीस वर्षं ही बाई हे करत होती, एकामागून एक मुलं, विनापगार. कुणाला तिचं नाव माहीत नाही. मी कंपनीत बक्षिसाच्या काचेच्या तीन ट्रॉफ्या मिळवल्या होत्या, त्या घरी फडताळात आहेत. त्या दिवशी त्या बाकावर बसून मला त्यांची जरा लाजच वाटली.

बुधवारी सकाळी एक तरुण अधिकारी बाहेर आला. "मॅडम, काय विणताय तुम्ही?"

"स्वेटर," डोरथी म्हणाली. "फॉर्मवर सही होईपर्यंत. बाह्या राहिल्यात. मग टोपी घेणार आहे."

तो हसला, आत गेला. अर्ध्या तासात सही झाली. गुरुवारी दुपारी पॅटच्या दारात पलंग आला. म्हणजे पलंगाचे तुकडे भरलेली दोन खोकी आली! मी तिथेच होते. हात लावायचा की नाही? मी गाडीत जाऊन नियमांची फाईल वाचून काढली. भेटवस्तू नाही, मुलाला गाडीतून नेणं नाही. स्क्रू फिरवण्याबद्दल चकार शब्द नाही. मग मी सूचना वाचल्या, पॅटनं पाना चालवला, रोझनं स्क्रू मोजून दिले. पॅटनं एक फळी उलटी लावली ती मी पकडली, तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसून मान हलवली. माफी मी मागितली होतीच, पण ती मिळाली तेव्हा, असं मी धरते.

शुक्रवारी न्यायाधीशबाईंनी फोटो बघितले आणि मुलीला हलवायचं नाही असा हुकूम दिला. कायमचा निर्णय सहा महिन्यांनी होणार होता. मी बाहेर येऊन गाडीत बसून ढसाढसा रडले. डोरथीनं मला पेपरमिंटची गोळी दिली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. पण सहा महिन्यांनी, शेवटच्या अहवालाआधी, मी रोझला भेटायला गेले. आता ती गुटगुटीत झाली होती, बूट पुन्हा नवे होते. मला हाताला धरून आतल्या खोलीत घेऊन गेली. "माझा बेड बघ!" निळी चादर, चांदण्यांची उशी. खोली एवढीशी, त्यामुळे दोन पलंग शेजारीशेजारीच. मधे वीतभर फट. आणि त्या फटीत एक जुनी रजई घट्ट गुंडाळून ठासून बसवलेली, दोन्ही गाद्यांच्या बरोबरीनं.

पॅट दारात उभी होती. तिचं तोंड उतरलं. तिला वाटलं, आता ही बाई पुन्हा लिहिणार.

परतीच्या वाटेवर मी गाडी बाजूला घेऊन डोरथीला फोन केला. "स्वतःचा पलंग आहे, त्यावर ती झोपते, एवढंच लिहू का? तेही खरंच आहे."

"तुला काय वाटतं?"

"रजईचं लिहिलं आणि पुन्हा तसंच झालं तर?"

"आणि नाही लिहिलंस तर?"

मला तो गुलाबी पलंग आठवला, त्यावरचे इस्त्रीचे कपडे आठवले. एकदा मी खोटं बोलून मूल सांभाळलं होतं, ते माझं होतं. हे मूल कोर्टानं माझ्याकडे शपथेवर सोपवलं होतं. "लिहिते," मी म्हटलं. "पण या वेळी अर्थासकट."

डोरथीनं तो अहवाल दोनदा वाचला आणि एक स्वल्पविरामही बदलला नाही. त्यात मी लिहिलं: 'रोझचा पलंग आजीच्या पलंगाशेजारी आहे. मधल्या फटीत एक रजई गुंडाळून बसवली आहे. दोन पलंगांमधलं अंतर मी मोजलेलं नाही. या मुलीनं तीन घरांत रात्री बसून काढल्या. या घरात ती गेले सहा महिने झोपते आहे. माझ्या मते ती रजई या घरातली सर्वांत काळजीनं ठेवलेली वस्तू आहे.'

शेवटच्या सुनावणीला रोझ स्वतः आली होती, वेण्या घालून. न्यायाधीशबाईंनी अहवाल वाचला. त्याच ओळीवर थांबल्या हे मला दिसलं. पॅटनं बाकाची कड धरली. खात्याचे वकील अर्धवट उठले होते.

"रोझ," बाई म्हणाल्या, "ती रजई तिथे कशासाठी आहे?"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी मात्र सवयीनं, उत्तराआधी ती कुणाकडे बघते ते बघत होते. तिनं आजीकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही.

"झोपेत माझा हात मधे पडायचा," ती बाईंना म्हणाली. "मग आजी सापडायची नाही."

वकील परत बसले. न्यायाधीशबाईंनी पेन उचललं आणि सही केली.